हवेशीर, शांत, सपाट जागा पाहिजे

मुलांच्या योगवर्गाचे किस्से सांगा, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, वेळ आहे ना? कारण त्यात योगाचे किस्से मूठभर आणि जागेचे पोतंभर! मुलं गोळा करायला मला काहीच त्रास झाला नाही. पण त्यांना बसवायला जागा शोधायला निघाले आणि अख्खं गाव मदतीला धावलं. गाव मदतीला धावलं की किस्से आपोआप साठतात, आपण फक्त बाजूला उभं राहायचं.

माझ्या नवऱ्याची बदली पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात झाली, म्हणून आम्ही नगर सोडून तिथे राहायला गेलो. नगरला असताना मी लहान मुलांना योग शिकवण्याचा कोर्स केला होता. त्यात एक अख्खा धडा जागेवर होता. जागा हवेशीर हवी, शांत हवी, जमीन सपाट हवी, भिंतींचे रंग सौम्य हवेत, मुलांचं लक्ष जाईल असं आसपास काही नको. हा धडा लिहिणारा माणूस कधी गावात मुक्कामाला राहिलेला नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते!

या उद्योगात माझे जोडीदार दोन. एक भीमाभाऊ मंडपवाले. गावातलं कुठलंही कार्य त्यांच्याच कापडाखाली होतं, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण मंडप टाकला की सुटते अशी त्यांची पक्की समजूत. दुसऱ्या आमच्या शेजारच्या कौसाक्का. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण तोंड एकदम ठणठणीत.

कौसाक्कांचा मुलगा आणि सून तारा, दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. ऋतुजा आणि सोन्या ही दोन पोरंही बरोबर जायची आणि त्यांची शाळा बुडायची ती पार उन्हाळ्यापर्यंत. ऋतुजा हुशार पोरगी, पण दरवर्षी परत आली की वर्गात मागच्या बाकावर जाऊन गप्प बसायची. मला ते बघवत नसे.

या वर्षी कौसाक्का म्हणाल्या, "पोरं मी ठिवून घेते. पर सकाळ-सांच्याला कुनी तरी त्यांना तासभर गुतवा. माझ्या गुडघ्यांनी त्यांच्यामागं पळनं व्हत न्हाई."

मी म्हटलं, "मी गुंतवते!"

तारा मात्र भलती खमकी. ती मला तोंडावर म्हणाली, "मॅडम, वर्ग कुठं भरतो त्ये मी माझ्या डोळ्यांनी बघीन. जागा मनाला आली तर पोरं ऱ्हातील. न्हाई तर आमच्यासंगं ट्रकात."

म्हणजे ट्रक निघायच्या आत ताराच्या मनाला येईल अशी जागा! मी कोर्सच्या परीक्षेलासुद्धा एवढी घाबरले नव्हते.

*

गावातली सगळ्यात हवेशीर जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप. तिन्ही बाजूंनी मोकळा, फरशी गुळगुळीत. पहिल्याच दिवशी मी मुलांना मांडी घालून ओळीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवायला सांगितले. दृश्य इतकं सुंदर होतं की मी मोबाईल काढून फोटो घेत होते.

तेवढ्यात गावातले तात्या आले. तात्या रोज सकाळी दर्शन घेऊन येईल त्याच्या हातावर फुटाणे-साखर ठेवतात. समोर बघतात तर पोरांची रांग, सगळ्यांचे तळवे उघडे! तात्यांचा ऊर भरून आला. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येक तळव्यावर चिमूट चिमूट ठेवत गेले. पोरंही वस्ताद. डोळे एकानेही उघडले नाहीत, पण तोंडं चालू झाली.

दुसऱ्या दिवशी पोरं जवळजवळ दुप्पट! आणि शिकवायच्या आधीच सगळ्यांचे तळवे वर!

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यांना तळवे पालथे ठेवायला लावले. तात्या पिशवी घेऊन आले, पहिल्या पोरापुढे थबकले, दुसऱ्यापुढे थबकले, रांगेच्या शेवटापर्यंत गेले आणि त्यांनी काळजीने मला विचारलं, "मॅडम, आज समद्यांचा उपास हाय का?"

*

मग भीमाभाऊंनी त्यांच्या चुलतभावाची कांदाचाळ सुचवली. कांदा नुकताच विकून झाला होता, चाळ रिकामी होती. "मॅडम, कांद्याला लागती तेवढी हवा मानसालासुदिक लागत न्हाई! हिच्यापरीस हवेशीर जागा जिल्ह्यात दावा!" भीमाभाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. फळ्यांच्या फटींतून वारा नुसता खेळत होता. आम्ही झाडून घेतलं, सतरंज्या टाकल्या.

मुलांना पोटावर झोपवलं आणि म्हटलं, "समोर मेणबत्ती आहे असं समजा. खोल श्वास घ्या आणि फूऽऽ करून विझवा!"

सगळ्या वर्गाने एकदम फू केली. सतरंजीच्या कडेला, फटींमध्ये, कोपऱ्यांत जेवढी म्हणून कांद्याची टरफलं झाडूला चुकवून बसली होती, ती सगळी एकदम हवेत! मग शिंका सुरू झाल्या. एका शिंकेने आणखी टरफलं उडत, त्याने आणखी चार शिंका. मी "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते, पण माझंही वाक्य शिंकेत संपत होतं.

बाहेर बसलेल्या कौसाक्का म्हणाल्या, "योगानं सर्दी जाती म्हन्त्यात. हितं तर धावत आली!"

संध्याकाळी तारा आमच्या दारात उभी. एका हाताने ऋतुजाची वेणी धरलेली, दुसऱ्या हाताच्या मुठीत वेणीतून काढलेली टरफलं. तिने मूठ माझ्यापुढे उघडली आणि एवढंच विचारलं, "पोरगी योगाला गेल्ती का कांदं निवडायला?"

तारा गेल्यावर नवरा म्हणाला, "तू आता ट्रकबरोबर जायची तयारी कर." मला हसू आलं नाही.

*

पुढची जागा पिठाच्या गिरणीशेजारची खोली. हवा होती, फरशी होती, पण शांतता? गिरणी चालू झाली की मला माझाच आवाज ऐकू येत नसे. मी विचार केला, आवाजावर आवाजच काढू. मुलांना भ्रामरी शिकवली. कान बंद करायचे, ओठ मिटायचे आणि भुंग्यासारखा आवाज करायचा. मुलांना ती इतकी आवडली की थांबा म्हटलं तरी थांबेनात. बरोबरच आहे, कान बंद होते ना!

एका सकाळी दळण संपलं. गिरणीवाल्या काकांनी बटन बंद केलं, पट्टा थांबला, पण घूंऽऽ चालूच! काकांनी बटन पुन्हा चालू करून बंद केलं. घूंऽऽ चालूच! त्यांनी मेन स्विच पाडला, मोटरला हात लावून बघितला, तरी घूंऽऽ! शेवटी पिठाने पांढरेफटक झालेले काका आमच्या दारातून ओरडले, "मॅडम, पोरं भायेर काढा! मोटारीत करंट शिरलाय, बंदच व्हईना झालीय!"

पोरांनी कानांतली बोटं काढली. आवाज थांबला.

काका जाऊन मेन स्विच पुन्हा वर करून आले. मग म्हणाले, "दुसरी जागा बघा."

*

आता भीमाभाऊंचा संयम संपला. "मॅडम, तुमी जागा हुडकत बसल्या. अवो, जागा हुडकायची नसती, उभी करायची असती!" आणि त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात खरोखरच मंडप उभा केला.

मी सकाळी जाऊन बघते तर काय! गुलाबी झालर, वर झुंबर, दाराशी प्लास्टिकच्या फुलांची कमान, खाली लाल गालिचा. पुढे स्टेजवर माझ्यासाठी नवरीची सोनेरी खुर्ची! बाजूला स्पीकर आणि त्यावर भीमाभाऊ स्वतः, "हॅलो, हॅलो, माईक चेक, योगा चेक!"

"भाऊ, मुलांना साधी जागा लागते हो. सौम्य रंग."

"गुलाबी सौम्यच की!"

मुलांना ओळींत बसवून आसनं सुरू केली. थोड्या वेळाने बघते तर शेवटच्या ओळीच्या मागे वाडीवरचे चार म्हातारबाबा टोप्या सरळ करून मांडी घालून बसलेले. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यामुळे थोरांनाही गोडी लागली. जवळ जाऊन आदराने विचारलं, "बाबा, योग करणार का तुम्ही पण?"

"करू की," त्यातले सगळ्यात थोरले म्हणाले. "पर आधी वाढा."

त्यांना उपाशी कसं पाठवायचं? भीमाभाऊंनी मुकाट्याने घरून पोहे आणवले. आणि बाबा लोक बोलाचे पक्के! पोहे खाऊन झाल्यावर मंडपातच आडवे झाले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत.

*

शेवटी जागा सापडली ती नाकासमोर. गावाचं समाजमंदिर वर्षानुवर्षं बंद पडलेलं. म्हणजे माणसांसाठी बंद. मागच्या मोडक्या दारातून कौसाक्कांच्या शेळ्या आत जाऊन बसायच्या! ग्रामपंचायतीने परवानगी दिली, दार बसवून दिलं आणि कौसाक्कांनी नातवंडांसाठी शेळ्यांना बाहेर काढलं. जाताना त्या शेळ्यांशी असं बोलत होत्या की मलाच अपराधी वाटलं. "चला गं बायांनो. आता हितं शिकल्या-सवरल्यालं लोक बसनार हायेत."

शेळ्यांना ते पटलं नाही. संध्याकाळी चरून आल्या की त्या सवयीने थेट समाजमंदिराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि आत बघायच्या. त्यांनी एकदा ओरडायला सुरुवात केली की पोरं उठून घरी निघायची. वर्ग संपला, असं मला कधीच म्हणावं लागलं नाही!

भिंतींवर आसनांची चित्रं काढायला आम्ही गावच्या पेंटरला बोलावलं. पेंटरचा हात चांगला, पण त्याचं सगळं आयुष्य निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात गेलेलं. त्याने वृक्षासनातला मुलगा काढला. एक पाय वर, हात जोडलेले, इथवर ठीक. पण अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर ते ठराविक हसू. अशी ओळीने चित्रं! मुलांचे चेहरे काढायला सांगितले होते, तर एकाला मिशीही होती.

तात्या बघायला आले. भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "ह्यो कुठल्या वॉर्डाचा उमेदवार?"

भीमाभाऊ म्हणाले, "माहीत न्हाई. पर एकाच पायावर हाय म्हंजी अपक्ष असनार!"

*

सगळ्यात भारी झालं ते मॅटचं. मुलांसाठी मॅट हव्यात एवढंच मी म्हटलं आणि भीमाभाऊंनी गावात शब्द टाकला. आमच्या गावाची एक रीत आहे. शाळेला पंखा द्या, देवळाला बाक द्या, स्मशानात पत्रा टाका, त्यावर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव आलंच पाहिजे. त्याशिवाय दिल्यासारखं वाटत नाही. मॅटसाठी माणसं पुढे आली, पण अट तीच. भीमाभाऊ पाथर्डीहून सगळ्या मॅटवर नावं छापूनच घेऊन आले. प्रत्येक मॅटवर ठळक अक्षरात, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ.'

पहिल्याच दिवशी भांडणं! "मॅडम, ह्यो माझ्या आजोबावर पाय देतोय!" "मॅडम, मला पाटलाच्या म्हातारीवर नको, मला माझी म्हातारी द्या!" मी कसाबसा ज्याचा पूर्वज त्याच्या खाली दिला आणि सगळ्यांना शवासनात झोपवलं. डोळे मिटलेले, हात-पाय सैल, एकही पोर हलत नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी 'कै.'!

नेमकी तेव्हाच एक आजी नातवाला न्यायला आली. तिने दारातून आत बघितलं आणि जो हंबरडा फोडला! नातू ताडकन उठून बसला. त्यामुळे आजी आणखी जोरात ओरडली.

एवढं होऊनही कौसाक्का मागे लागल्या, "माझ्या नावाची बी एक टाका. मी जित्ती हाय तवर बघून तरी घेईन. मेल्यावर कोन बघाया येतंय कुनाचा पाय कुठं पडला!"

भीमाभाऊंनी मनावर घेतलं आणि मॅट छापून आणली. उलगडून बघितली तर छापणाऱ्याने सवयीने लिहिलं होतं, 'कै. कौसाबाई यांच्या स्मरणार्थ'. भीमाभाऊंचा चेहरा पडला. ते मॅट गुंडाळायला लागले, तशी कौसाक्कांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. पुना छापायचा ताप वाचला."

*

जागा झाली. खिडक्यांना जाळ्या बसल्या, पाण्याचा माठ आला, ऋतुजा-सोन्याची रोज हजेरी लागत होती. पण तारा काही बघायला येईना. मी दर एक-दोन दिवसांनी विचारायची आणि ती म्हणायची, "उद्या बघते." कधी ज्वारी दळायची होती, कधी कोयत्याला धार लावायची होती, कधी मुकादमाचा निरोप आला होता. दसराही होऊन गेला. मला कळेना की हिला सवड नाही, की हिने मनातून पोरं न्यायचंच ठरवलंय.

आणि एक दिवस ट्रक सकाळीच आला. समाजमंदिरासमोर उभा राहिला. भांडी, चुलीसाठी लाकडं, ज्वारीची पोती, कोंबड्यांची पाटी, एकेक घर चढत होतं. आत माझा वर्ग चालू होता. चालू म्हणजे मुलं बसली होती आणि मी शिकवल्यासारखं करत होते.

आणि तारा आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. रस्त्यात खायच्या भाकरी रात्रीपासून थापत होती. तिने आधी वर छताकडे बघितलं. मग दाराची कडी लावून काढून बघितली. खिडकीची जाळी हलवली. माठाचं झाकण उचललं. खाली बसून फरशीवरून हात फिरवला आणि तो नाकाशी नेऊन हुंगला. मी बाजूला उभी होते.

"हितं पोरं करत्यात काय?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ऋतुजाने मॅट पसरली. "आई, हितं नीज. मी दावते."

"आता? गाडी उभी हाय, येडे."

"थोडाच येळ. नीज ना."

तारा आडवी झाली, पोरीचं मन राखायला. ऋतुजा तिच्या उशाशी बसली आणि मी रोज म्हणते तसं, अगदी माझ्याच सुरात म्हणायला लागली. "डोळं मिट. आता पाय सोडून दे. पोटऱ्या सोडून दे. कंबर सोडून दे. हात सोडून दे, मूठ उघड. आता खांदं..."

खांद्यांपर्यंत पोचायच्या आत तारा घोरायला लागली.

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी बाकीच्या मुलांकडे बघितलं. एक पोर हललं नाही.

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. "तारेऽऽ" म्हणून तिच्या नवऱ्याने हाक मारली. तारा हलली नाही. मग मुकादम स्वतःच तरातरा आला, "कुठं ऱ्हायली रं ती बया, समदे खोळंबल्यात," असं ओरडतच दारात पोचला.

सोन्याने तोंडावर बोट ठेवलं. "शूऽऽ! वर्ग चालू हाय."

मुकादमाने आत बघितलं. खाली पसरलेल्या ताराकडे बघितलं, तिच्या उघड्या पडलेल्या मुठींकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी पण तोंडावर बोट ठेवलं.

तो वळून गेला. आता पुन्हा हॉर्न वाजणार, म्हणून मी अंग आवळून उभी राहिले. त्याऐवजी ट्रकचं इंजिन बंद झालं.

तारा आपल्या आपण जागी झाली. दचकून उठली, पदर सारखा केला, "किती येळ झाला?" म्हणाली. तिने ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवला, सोन्याचं नाक पदराने पुसलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली. नवऱ्याने हात दिला, ती ट्रकवर चढली आणि सामानात वाकून काहीतरी शोधायला लागली. पोती सरकवली, पाटी सरकवली, वैतागून नवऱ्याला बाजूला ढकललं. शेवटी तळातून एक बोचकं ओढून काढलं.

कौसाक्का खाली उभ्या होत्या. ताराने बोचकं दोन्ही हातांनी वर उचललं.

"आत्याबाई, धरा! पोरांची कापडं हायेत!"